ऑस्टिन लोपीस हरला त्या दिवशी

धैर्यशील वजनकाट्यावरून उतरत होता, तेवढ्यात समोरून ऑस्टिन लोपीस बदामाची पिशवी नाचवत आला.

"पैलवान, खुराक घ्या खुराक!" असं ओरडून त्यानं ती पिशवी माझ्या भावाच्या गळ्यात अडकवली. फोटोवाले पुढे सरसावले. मग लोपीसनं पाय फाकवले, मांडीवर थाप मारली आणि शड्डू ठोकला. एकदा नाही, चारही दिशांना तोंड करून. वर कमरेला असा काही झटका दिला, की जमलेले लोक खो खो हसायला लागले.

मी तिथल्या तिथे गार झाले. शड्डू ठोकणं म्हणजे पैलवानानं दिलेलं आव्हान. आमच्या पैलवान वडिलांनी, अण्णांनी, उभ्या आयुष्यात तो कधी थट्टेत ठोकला नव्हता, आणि घरात आम्ही पोरांनी खेळताना मांडीवर थाप मारली तर पाठीत धपाटा बसायचा. इथे हा वसईचा माणूस त्याची नक्कल करून टाळ्या घेत होता.

"सुक्काळीचं, बांगड्या इकल्यागत वरडतंय नुस्तं," तवनाप्पा वस्ताद माझ्या शेजारी पुटपुटले. "उथळ पाण्याला खळखळाट फार, राजी. उद्या बघ की."

धैर्यशीलनं पिशवी गळ्यातून काढली, नीट घडी घालून माझ्याकडे दिली आणि म्हणाला, "अक्का, ठेव. बदाम चांगले हाईत."

असा होता माझा धाकटा भाऊ. शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावच्या तालमीत, तवनाप्पा वस्तादांच्या हाताखाली मातीत वाढलेला. अण्णा गेले तेव्हा तो शाळेत होता. पुढे कुस्तीत जिल्ह्यापर्यंत पोचला आणि तिथेच अडकला. मग एक दिवस म्हणाला, मी मिक्स्ड मार्शल आर्ट्स खेळणार. गावात त्याला सगळे 'पिंजऱ्यातली कुस्ती' म्हणत. जाळीच्या आत दोघांना सोडायचं. ठोसा, लाथ, कोपर, पट, सगळं चालतं. वस्तादांनी सबंध एक हंगाम त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. आणि मग एका सकाळी स्वतःच टॉवेल खांद्यावर टाकून म्हणाले, "चल, तुझ्या पिंजऱ्यात कोण हाय ते बघू."

पुण्याची ही लढत जिंकणारा राष्ट्रीय किताबासाठी लढणार होता. धैर्यशीलनं मला निघताना सांगितलं होतं, की ही गेली तर गावात सिमेंटचं दुकान टाकतो, परत खेळाचं नाव काढत नाही. गुडघा आधीच कुरकुरत होता. ही त्याची शेवटची संधी होती आणि ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मी जयसिंगपूरला शाळेत खेळ शिकवते, त्यामुळे पाणी, बर्फ आणि पट्ट्या सांभाळायला मी त्याच्या कोपऱ्यात होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी धैर्यशील आत गेला तो मान खाली घालून, जसा देवळात जातो तसा. टाळ्या पडल्या त्या आमच्या तालुक्यातून आलेल्या एका गाडीच्याच. मग दिवे मालवले आणि दारातून चक्क लग्नाचा ब्रास बँड आत आला. कर्णे, ढोल, लाल कोटातली माणसं, आणि मागून नवरदेवाच्या सुटाबुटात, डोळ्यांवर काळा चष्मा लावून लोपीस. वाटेत दोन म्हाताऱ्यांबरोबर नाचला. एका बाईच्या हातातलं बाळ घेऊन त्याचा मुका घेतला. सगळं सभागृह उभं राहिलं.

"लढायला आलाय का वरातीला?" मी म्हणाले.

"वरात मांडवापातूर," वस्ताद म्हणाले. "फुडं संसार करावा लागतो."

आणि पहिल्या राउंडमध्ये तसंच झालं. धैर्यशीलनं त्याचा पट काढला, म्हणजे खाली घुसून दोन्ही पाय कवेत घेऊन त्याला आपटला. लोपीस कसाबसा उठला, तर पुन्हा आपटला. उठताना तो खांद्यावरची नसलेली धूळ झटकायचा, गर्दीकडे बघून डोळा मारायचा. लोक हसायचे. पण गुण आमचे होते. राउंड संपल्यावर धैर्यशील स्टुलावर बसला तेव्हा त्याचा श्वाससुद्धा फारसा चढलेला नव्हता.

"त्येचं त्वांड बघू नको," वस्ताद त्याच्या कानात म्हणाले. "त्येचे पाय बघ."

"व्हय."

दुसऱ्या राउंडला तो पुन्हा पटासाठी खाली घुसला. या वेळी लोपीसनं गुडघा वर आणला. आवाज मला जाळीबाहेर ऐकू आला. ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा. गुडघा कानशिलात बसला होता.

धैर्यशील पडला नाही. हळूहळू सरळ झाला, पाय रोवले, हात वर घेतले.

लोपीसनं गर्दीकडे बघितलं. गर्दी ओरडत होती. त्यानं उजवा हात पवनचक्कीसारखा गरगर फिरवला आणि ठोसा मारला. धैर्यशीलची मान मागे गेली आणि जागेवर आली. पुन्हा हात फिरवला, पुन्हा ठोसा. लोक बाकांवर उभे राहिले होते. माझा भाऊ मात्र जागचा हलला नाही.

"झाडागत हुबा हाय बघ!" वस्ताद जाळीवर हात आपटत ओरडले. "पाठ लागल्याबिगर पैलवान हारत न्हाई! शाब्बास रे!"

रेफ्री जवळ येऊन वाकून बघत होता. हात वर, पाय घट्ट, तोल शाबूत. तो मागे सरला. मलाही वाटलं, जितकं लागायचं होतं तितकं लागून गेलं, आता हा आपला खेळ करेल.

आणि मग धैर्यशील खाली वाकला. उजव्या हातानं त्यानं मॅटला स्पर्श केला, ती बोटं कपाळाला लावली आणि दोन्ही हात पुढे करून लोपीससमोर उभा राहिला. सलामी. कुस्ती सुरू करण्याआधी करतात ती.

सभागृहानं टाळ्यांचा कडकडाट केला. एवढा मार खाऊन समोरच्याला मान देणारा माणूस पुणेकरांनी कधी पाहिला असेल! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, अण्णा, बघा तुमचे संस्कार. धैर्यशीलचे ओठ हलताना दिसले. काहीतरी म्हणाला तो लोपीसला. त्याच्या तोंडात दातांचं कवच होतं, आणि तेवढ्या गोंगाटात इकडे काहीच ऐकू येणार नव्हतं.

लोपीसचे हात खाली आले.

तो रेफ्रीकडे वळून काहीतरी बोलला. रेफ्रीनं बोट दाखवून त्याला गप्प केलं आणि खूण केली, लढा. लोपीस पुन्हा बोलला. रेफ्री ओरडला, "बोलायचं नाही! फाइट!"

मग लोपीसनं जे केलं त्यानं माझं डोकं फिरलं. तो नाचायला लागला. जाळीच्या कडेकडेनं, उड्या मारत, हात हलवत, धैर्यशीलपासून चार हात लांब. माझा भाऊ त्याच्याकडे तोंड करून जागच्या जागी फिरत राहिला, दोन्ही हात पुढे करून, अजून कुणी हात मिळवेल या आशेवर असल्यासारखा.

"लढ की रे मर्दा!" मी किंचाळले. "तमाशा लावलायस काय?"

सगळेच ओरडू लागले. मघाशी ज्यांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं, तेच आता बाटल्या फेकत होते. रेफ्रीनं खेळ थांबवून लोपीसला ताकीद दिली. टाळाटाळ केलीस तर बाहेर काढीन, असं काहीतरी तो म्हणाला असावा, कारण लोपीसनं मान हलवली. मग तो पिंजऱ्याच्या मधोमध आला. आमच्या कोपऱ्याकडे बघितलं. माझ्याकडे, मग वस्तादांकडे. त्याच्या चेहऱ्यावर ते नेहमीचं हसू कुठेच नव्हतं.

तो गुडघे मोडून खाली बसला आणि तळहातानं मॅटवर थाप मारली. मग परत परत मारत राहिला.

या खेळात त्याचा अर्थ एकच. मी हरलो, थांबवा.

सभागृह चिडीचूप झालं. माणसाचा गळा आवळलेला असतो, हात मोडायला आलेला असतो, तेव्हा माणूस अशी थाप मारतो. याला तर आत्ता कुणी बोटही लावलेलं नव्हतं. रेफ्री क्षणभर नुसता बघत राहिला, मग त्यानं हात हलवून लढत संपवली. बँडवाल्यांनी कर्णे तोंडाशी नेले होते ते खाली घेतले.

"भीक घालतोय आमाला!" वस्ताद म्हणाले. "राजी, ह्यो जिकलेली कुस्ती भीक म्हनून घालतोय!"

मला तर काय वाटावं तेच कळेना. सट्टा असेल? थट्टेचा हा शेवटचा प्रकार असेल? डॉक्टर आत धावले ते थेट लोपीसकडे, कारण हार त्यानं मानली होती, म्हणजे लागलं त्यालाच असणार. लोपीसनं त्यांना ढकललं. बोट आमच्याकडे दाखवून तो काहीतरी ओरडत होता, पण हुर्योच्या आवाजात त्याचं ओरडणं बुडून गेलं आणि दोन रखवालदार त्याला दंडाला धरून बाहेर घेऊन गेले. रेफ्रीनं धैर्यशीलचा हात वर केला. धैर्यशील हसला. आज्ञाधारक पोर फोटोला हसतं तसा.

खोलीत येऊन मी त्याच्या हातावरच्या पट्ट्या कापायला घेतल्या. वस्ताद भिंतीकडे तोंड करून बसले होते. असल्या विजयाचा सत्कार गावात कोणत्या तोंडानं घ्यायचा, हाच त्यांना घोर. एवढ्यात दार धाडकन उघडलं आणि लोपीस आत आला. अंगात तोच चुरगाळलेला नवरदेवाचा कोट.

"याला दवाखान्यात न्या. आत्ता," तो म्हणाला.

"भाईर हो!" वस्ताद उठले. "आदी इज्जत घेतलीस, आता औशीद सांगतोस व्हय रे?"

"काका, मला नंतर मारा. आधी याला न्या."

"काय झालंय त्याला?" मी म्हणाले. "चालत आलाय तो. उभा राहिला शेवटपर्यंत."

"ताई, त्याला विचारा, आपण कुठे आहोत."

मला त्याचा असा राग आला होता, की केवळ त्याचं तोंड बंद करायला मी धैर्यशीलकडे वळले. "धैर्या, सांग रे याला. कुठं आहोत आपण?"

धैर्यशीलनं माझ्याकडे बघितलं. चेहरा शांत होता. एक डोळा मात्र दुसऱ्यापेक्षा काळा दिसत होता, बाहुली पसरल्यासारखी.

"अण्णा आलं का, अक्का?" तो म्हणाला. "मैदान सुरू व्हायचंय अजून. त्यास्नी फुडं जागा धर."

अण्णांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. वस्तादांनी भिंत धरली. एवढा धिप्पाड माणूस, पण लहान मुलासारखा "धैर्या, धैर्या" करत राहिला. लोपीसनं मात्र आमची वाट बघितली नाही. त्यानं माझ्या भावाला दोन्ही हातांवर उचललं आणि बाहेर पळत सुटला. बँडच्या गाडीतून आम्ही दवाखान्यात गेलो. वाटेत धैर्यशीलला उलटी झाली आणि तो बेशुद्ध पडला.

मेंदूवर रक्त साचलं होतं. कवटी उघडावी लागली. शस्त्रक्रिया करून बाहेर आलेले डॉक्टर तरुण होते, दमलेले होते. त्यांनी मास्क काढून विचारलं, "लढत थांबवली कुणी?"

मी सांगितलं.

"आणखी एक फटका बसला असता," ते म्हणाले, "तर मी तुमच्याशी हे बोलायला बाहेर आलो नसतो, बाई. दुसऱ्याच कुणालातरी पाठवलं असतं."

मी मागे वळून बघितलं. लोपीस तिथे नव्हता. शस्त्रक्रिया संपली एवढं कळेपर्यंत थांबला आणि गेला, असं वस्ताद म्हणाले. वस्तादांनी त्याचे हात धरायचा प्रयत्न केला होता, तर त्यानं हात काढून घेतले.

धैर्यशील वाचला. डावा हात आजही जरा जड चालतो, बोलताना मधेच एखादा शब्द हरवतो. पण दुकान चालवतो, संसार करतो. त्या दुपारचं त्याला काही आठवत नाही.

लोपीसवर मात्र आयोजकांनी बंदी घातली. जाणूनबुजून हरला, खेळाला काळिमा फासला, असा ठपका. हे ऐकून मला पुन्हा एकदा धक्का बसला. मी वस्तादांना घेऊन आयोजकांच्या कार्यालयात गेले आणि घडलं ते सगळं सांगितलं. समोरचे गृहस्थ सभ्य होते. चहा मागवला.

"मॅडम, तुमच्या भावना मला कळतात," ते म्हणाले. "पण रेफ्री थांबवेपर्यंत लढायचं, हा व्यावसायिक खेळाचा पाया आहे. खेळाडूनं परस्पर निकाल लावायचा नसतो. त्याला तर पहिल्यापासून नाटकं करायची सवयच होती."

"त्या नाटक्यामुळं पोरगं जित्तं हाय," वस्ताद म्हणाले. "तुमचा रेफ्री सायबावानी हुबा ऱ्हाऊन बगत हुता. आन् मी बी."

"लोपीस स्वतः काय म्हणाला चौकशीत?" मी विचारलं.

"काहीच नाही. तोंडच उघडलं नाही."

हे मला पटेना. बदामाच्या पिशवीवरून गाव गोळा करणारा माणूस, आणि आपण एकाचा जीव वाचवला हे सांगायला त्याची जीभ उचलू नये? खरं सांगते, त्या दिवसापासून लोपीस माझ्या मनात देवाच्या शेजारी जाऊन बसला. धैर्यशील काठी टाकून चालायला लागला, तशी मी नरसोबाच्या वाडीचे पेढे घेतले आणि वसई गाठली.

त्याचं घर केळीच्या बागेत होतं. ओट्यावर तो एकटाच बसून मोगऱ्याच्या कळ्या ओवत होता. त्याच्या आईचा फुलांचा धंदा होता. मला बघून उठला, खुर्ची दिली, पाणी दिलं. हसला नाही.

"धैर्यशील कसा आहे?"

"चालतो. दुकानात बसतो," मी म्हणाले. "तुझ्यामुळे. तू त्या दिवशी देवासारखा..."

"ताई, तसं बोलू नका."

"का बोलू नको? चौकशीत तू गप्प बसलास. आम्ही का बसायचं? आम्ही सगळ्या तालुक्याला सांगणार."

त्यानं दोरा बाजूला ठेवला. मग म्हणाला, "गुडघा बसला ना त्याला, तेव्हाच तो गेला होता. मी एवढा जवळ होतो त्याच्या. डोळे बघितले मी. आत कोणी नव्हतं."

"हो, म्हणून तर तू..."

"नाही ताई. त्याच्यानंतर मी दोन ठोसे मारले."

मला आधी कळलंच नाही. मग पवनचक्कीसारखा फिरणारा त्याचा हात डोळ्यांसमोर आला.

"चुकून हात गेला असता तर वेगळं," तो म्हणाला. "हात फिरवायला वेळ होता मला. म्हणजे बघायलाही वेळ होता. बघितलं आणि मारलं. पब्लिक ओरडत होतं. ते ओरडायला लागलं की मी... तिसराही मारला असता. हात उचललाच होता."

बागेत कुठेतरी पंप चालू होता, त्याचा आवाज तेवढा येत राहिला. डॉक्टरांचे शब्द आठवले. समोरच्या माणसाचा गळा धरावा असं वाटलं. हाच माणूस माझ्या भावाला हातांवर घेऊन पळाला होता, हेही त्याच वेळी आठवत होतं.

"मग थांबलास का?" मी विचारलं.

"त्यानं सलामी केली ना, तेव्हा माझ्याशी बोलला तो."

"काय बोलला?"

लोपीसनं मान खाली घातली. आमच्याकडची बोली त्याला नीट जमली नाही, पण शब्द बरोबर होते.

"म्हणाला, 'दादा, माती वली हाय. घसरशील, बेतानं.'"

गावाकडच्या आखाड्यात उभा होता माझा भाऊ. पाणी मारलेल्या लाल मातीत, अण्णांची वाट बघत. आणि ज्यानं त्याला नुकतंच मारलं होतं त्याला पडू नकोस म्हणत होता.

"मी मारतोय आणि हा माझी काळजी करतोय," लोपीस म्हणाला. त्याचा चेहरा वेडावाकडा झाला होता. "यानंतर मला चौकशीत काय सांगायला लावता तुम्ही? मी चांगला आहे म्हणून?"

मग त्यानं हळूच विचारलं, "त्याला सांगणार?"

"त्याला काही आठवत नाही," मी म्हणाले. "सारखा विचारतो, अक्का, तो लोपीस का थांबला गं? मी जिंकत होतो का?"

"मग?"

"मग काय? तू सांग."

"मी?"

"माझ्या तोंडून त्याला पटायचं नाही. ये गावाला. त्याच्यासमोर बस आणि सांग, दोन ठोशांसकट."

अख्ख्या सभागृहासमोर नाचणारा तो माणूस हात जोडून माझ्याकडे बघत राहिला, आणि मला त्याची कीव आली नाही, असं मी म्हणणार नाही. पण मी उठले. खुर्चीशेजारी ठेवलेला पेढ्यांचा बॉक्स उचलून पिशवीत परत टाकला.

"हे तिथं आल्यावर मिळतील," म्हटलं, आणि निघाले.